शब्दांची शहानिशा : ‘केअरफुल’ आणि त्याची भावंडं

‘केअरफुल’ या रोजच्या इंग्रजी शब्दाबद्दल आणि त्याच्या समानार्थी शब्दांबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. इंग्रजी शब्द सर्वांना वाचता यावेत म्हणून देवनागरीतच दिले आहेत.

प्रश्न : मी सातवीला इंग्रजी शिकवते. ‘केअरफुल’ म्हणजे ‘काळजीपूर्वक’ असं सांगितलं, की मुलं ‘केअरफुल, द फ्लोअर इज वेट’चं भाषांतर ‘काळजीपूर्वक, फरशी ओली आहे’ असं करतात. चूक आहे हे कळतं, पण का चूक आहे ते मुलांना नेमकं कसं सांगावं? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : मुलांचा दोष नाही. इंग्रजीने एकाच शब्दावर तीन कामं सोपवली आहेत आणि मराठीने ती वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. त्यामुळे मुलांना अर्थ देण्याआधी एक प्रश्न द्या : ही काळजी कशासाठी आहे?

पहिलं काम, इजा किंवा नुकसान टाळणं. इथे मराठी माणूस ‘जपून’ किंवा ‘सांभाळून’ म्हणतो. ‘जपून, फरशी ओली आहे.’ ‘सांभाळून उतर, शेवटची पायरी मोडकी आहे.’ धोका मोठा असेल तर ‘सावध राहा’. या ठिकाणी ‘काळजीपूर्वक’ कोणीच म्हणत नाही. पाय घसरत असताना सहा अक्षरी शब्द तोंडातून निघतही नाही.

दुसरं काम, हातातलं काम चोख करणं. ‘रीड द इन्स्ट्रक्शन्स केअरफुली’ यात धोका कुठलाच नाही, लक्ष हवं आहे. म्हणून ‘सूचना नीट वाचा’ किंवा ‘लक्षपूर्वक वाचा’. ‘केअरफुल स्टडी’ म्हणजे बारकाईने केलेला अभ्यास, ‘केअरफुल प्लॅनिंग’ म्हणजे विचारपूर्वक केलेली आखणी. ‘काळजीपूर्वक’ हा शब्द खरा इथला. पण इथेही ‘नीट’ आणि ‘बारकाईने’ बहुतेक वेळा अधिक चांगले बसतात.

तिसरं काम, एखादी गोष्ट टिकवणं. ‘शी इज केअरफुल विथ मनी’ म्हणजे ती पैसा जपून वापरते. ब्रिटिश बोलण्यात हे वाक्य कधी कधी ‘हात जरा आखडता आहे’ हे सौम्यपणे सांगायलाही वापरतात. संदर्भ बघून ठरवावं. ‘केअरफुल अबाऊट व्हॉट शी ईट्स’ याचं ‘ती काय खाते याबद्दल काळजीपूर्वक आहे’ असं भाषांतर सर्रास दिसतं. ‘ती खाण्यापिण्याचं पथ्य पाळते’ असा सरळ, घरचा मराठी पर्याय असताना ते कशाला?

वर्गात एक सराव करून घ्या. फळ्यावर दहा इंग्रजी वाक्यं लिहा आणि भाषांतर न करता प्रत्येकापुढे ‘इजा’, ‘काम’ किंवा ‘टिकवणं’ यांपैकी एक खूण करायला सांगा. खूण बरोबर आली की मराठी शब्द मुलं आपसूक बरोबर निवडतात, कारण तो त्यांच्या कानात आधीपासून असतो.

सूर मात्र वेगळा शिकवावा लागतो. ‘जपून बोल’ हा सल्ला आहे, ‘तोंड सांभाळून बोल’ हे भांडण आहे आणि ‘खबरदार!’ ही धमकी आहे. इंग्रजीत तिन्हींना ‘बी केअरफुल व्हॉट यू से’ चालून जाईल, बोलणाऱ्याचा आवाज फरक करेल. मराठीत शब्दच फरक करतो. पुन्हा ‘खबरदार’ धमकीचा असला तरी त्याच्यापासून झालेली ‘खबरदारी’ अगदी शांत, कार्यालयीन शब्द आहे. पाणी उकळून पिण्याची ‘खबरदारी घ्यावी’ असं पत्रक काढतात, त्यात कुणाला दम दिलेला नसतो.

प्रश्न : जुन्या इंग्रजी बायबलमध्ये ‘बी केअरफुल फॉर नथिंग’ असं वाक्य आहे. ‘कशाचीही काळजी घेऊ नका’ असा उपदेश धर्मग्रंथ कसा करील? (वाचक, वसई)

उत्तर : ‘काळजी घेऊ नका’ नव्हे, ‘काळजी करू नका’. वाक्य 1611 साली निघालेल्या किंग जेम्स भाषांतरातलं आहे, पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं. त्या काळी ‘केअरफुल’चा अर्थ ‘चिंतेने भरलेला’ असा होता. जुन्या इंग्रजीत ‘केअर’चं मूळ रूप ‘कारू’, अर्थ दुःख, चिंता. त्याच ग्रंथात मार्थेलाही ‘केअरफुल’ म्हटलं आहे, कारण ती पाहुणचाराच्या धांदलीत चिंतातुर झाली होती. पुढे चिंता मागे पडली आणि चिंतेपोटी माणूस जे जपतो ते उरलं. नव्या भाषांतरांत म्हणूनच ‘अँक्शस’ हा शब्द येतो.

मराठीने हे दोन्ही अर्थ अजून एकाच नामात ठेवले आहेत आणि क्रियापदाने वेगळे केले आहेत. काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं, काळजी वाटणं आणखी वेगळं. ‘आईची काळजी घेतो’ आणि ‘आईची काळजी करतो’ ही वाक्यं एकाच मुलाबद्दल असू शकतात, पण पहिल्यात तो औषधं आणून देतो, दुसऱ्यात नुसता येरझाऱ्या घालतो. इंग्रजी शिकणाऱ्याने हे पक्कं धरावं : करण्याच्या काळजीला ‘वरी’, घेण्याच्या काळजीला ‘टेक केअर’.

ओघात आणखी एक. ‘चेअरी’ हा ‘हात राखून असणारा’ या अर्थाचा शब्द ‘केअर’चाच सख्खा नातेवाईक आहे. ‘ॲक्युरेट’, ‘क्युरिअस’ आणि ‘सिक्युअर’ हे मात्र लॅटिन ‘कुरा’पासून आले. त्याचाही अर्थ काळजीच, पण ‘केअर’शी त्याचं नातं नाही, साम्य योगायोगाचं आहे.

प्रश्न : ‘केअरफुल’नंतर ‘ऑफ’, ‘विथ’, ‘अबाऊट’ की ‘फ्रॉम’? मी ‘बी केअरफुल फ्रॉम द डॉग’ लिहिलं, गुण कापले. (बारावीचा विद्यार्थी, अकोला)

उत्तर : ‘फ्रॉम’ कधीच नाही. आपण ‘कुत्र्यापासून सावध’ म्हणतो, त्या ‘पासून’चं ते भाषांतर आहे आणि मराठी मुलांची ही सर्वांत वारंवार होणारी चूक. बाकीचे असे लक्षात ठेवा.

हातात असलेल्या, वापरत असलेल्या वस्तूसाठी ‘विथ’ : ‘केअरफुल विथ दॅट नाइफ’, सुरी जपून. निवडीसाठी, वागण्याबोलण्यासाठी ‘अबाऊट’. समोरच्या धोक्यासाठी ‘ऑफ’ : ‘केअरफुल ऑफ द स्टेप’. ब्रिटिश लोक इथे नुसतं ‘माइंड द स्टेप’ म्हणतात आणि ते आपल्या ‘पायरी सांभाळा’शी तंतोतंत जुळतं. ‘माइंड युअर हेड’ म्हणजे ‘डोकं सांभाळा’.

क्रियापद येणार असेल तर ‘टू’. इथे एका नकाराने अर्थ उलटतो : ‘बी केअरफुल टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस, ‘बी केअरफुल नॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे चुकून कुलूप लावून बसू नकोस. परीक्षेत घाईने वाचणाऱ्यांचा ‘नॉट’ नेमका इथे सुटतो.

कुत्र्याच्या पाटीवर ‘बिवेअर ऑफ द डॉग’ लिहितात. या ‘बिवेअर’ला भूतकाळ नाही, ‘आयएनजी’चं रूपही नाही. आज्ञा देताना किंवा ‘मस्ट’, ‘शुड’, ‘टू’ यांच्यानंतर मूळ रूपातच ते येतं. ‘ही बिवेअर्ड’ असं लिहू नका.

स्पेलिंगमध्ये ‘केअरफुल’ला शेवटी एकच ‘एल’ आणि ‘केअरफुली’ला दोन. आणि ‘केअरफुली’ क्रियापद व कर्म यांच्या मध्ये घालू नका. ‘ही ओपन्ड केअरफुली द लेटर’ चूक. ‘केअरफुली’ क्रियापदाच्या आधी ठेवा किंवा वाक्याच्या शेवटी.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत ‘कॉशस’, ‘वेअरी’, ‘प्रूडंट’, ‘सर्कमस्पेक्ट’, ‘व्हिजिलंट’ या सगळ्यांचा अर्थ ‘सावध’ असा पाठ केला आहे. तरी उत्तर चुकतं. (नांदेड)

उत्तर : चुकतं ते त्या पाठांतरामुळेच. समानार्थी शब्दांच्या यादीत शब्द शेजारी असतात, एकमेकांच्या जागी बसणारे असतातच असं नाही. रॉजेने 1852 साली लंडनमध्ये आपला थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) काढला तो कल्पनांच्या गटांनुसार. आठवत नसलेला शब्द सापडावा म्हणून ती रचना होती, सगळे शब्द सारखे आहेत असा तिचा दावा नव्हता.

‘कॉशस’ माणूस धोका पत्करायला कचरतो, बेताबेताने पुढे जातो. ‘वेअरी’मध्ये संशय असतो. पूर्वी पोळलेला, म्हणून ताकही फुंकून पिणारा. त्याला ‘ऑफ’ लागतं. ‘प्रूडंट’ म्हणजे पुढचं पाहून आज ठरवणारा. पैशाच्या आणि कारभाराच्या संदर्भात हा शब्द येतो आणि त्यात नेहमी स्तुती असते. मराठीत धोरणी, शहाणपणाचा. ‘सर्कमस्पेक्ट’ शब्दशः ‘सभोवार पाहणारा’, मागचापुढचा विचार करून बोलणारा. जाहीर विधानांबद्दल हा शब्द हटकून येतो. ‘व्हिजिलंट’ला मूळ अर्थ आहे जागं राहण्याचा, म्हणून पहारेकरी, नागरिक, तपासनीस यांना तो शोभतो. डोळ्यांत तेल घालून, दक्ष. 1964 साली संथानम समितीच्या शिफारशीवरून स्थापन झालेल्या ‘सेंट्रल व्हिजिलन्स कमिशन’ला आपण ‘केंद्रीय दक्षता आयोग’ म्हणतो. तिथे ‘सावधगिरी आयोग’ म्हणून पाहा, लगेच खटकेल.

प्रश्न सोडवताना पर्याय त्या वाक्यात घालून वाचा. ‘इन्व्हेस्टर्स आर वेअरी ऑफ न्यू स्कीम्स’ असं वाक्य आहे आणि पर्याय आहेत ‘मेटिक्युलस’, ‘कॉशस’, ‘थरो’ आणि ‘विअरी’. ‘मेटिक्युलस’ आणि ‘थरो’ हे काम करण्याच्या पद्धतीबद्दलचे शब्द, गुंतवणूकदाराच्या मनःस्थितीबद्दलचे नव्हेत, म्हणून बाद. ‘विअरी’ म्हणजे थकलेला. फक्त दिसण्यातल्या साम्यामुळे तो तिथे ठेवलेला आहे आणि ‘विअरी ऑफ’ हा प्रयोगही इंग्रजीत असल्यामुळे (अर्थ ‘कंटाळलेला’) सापळा पक्का बसतो. उरला ‘कॉशस’. तो तंतोतंत तोच नाही, पण प्रश्न ‘सर्वांत जवळचा’ असा असतो. अशाच जोडीने ‘कॉशस’ आणि ‘कॉन्शस’ येतात. दुसऱ्याचा अर्थ शुद्धीवर असलेला, जाणीव असलेला. बोलताना या दोन्हींची गल्लत फार होते.

प्रश्न : एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’ या तिन्हींना मी ‘सावधान’ लिहिलं. कंपनीने परत पाठवलं. एवढा काय फरक पडतो? (अनुवादक, पुणे)

उत्तर : फार पडतो. हे शब्द इथे साधे शब्द नाहीत, धोक्याच्या पायऱ्या आहेत. एएनएसआय झेड535 या अमेरिकी मानकात त्या ठरवून दिल्या आहेत. ‘डेंजर’ : टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वॉर्निंग’ : मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. ‘कॉशन’ : किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. चौथा शब्द ‘नोटिस’, ज्यात माणसाला इजा नाही, वस्तूचं नुकसान आहे. रंगही ठरलेले : अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा, निळा. तिन्हींना ‘सावधान’ लिहिलंत तर हात अडकून तुटेल अशी जागा आणि बोटाला चटका बसेल अशी जागा कामगाराला सारखीच वाटेल. चार दिवसांत तो दोन्हींकडे दुर्लक्ष करायला लागेल.

आमची शिफारस : ‘डेंजर’ला ‘धोका’, ‘वॉर्निंग’ला ‘इशारा’, ‘कॉशन’ला ‘खबरदारी’, ‘नोटिस’ला ‘सूचना’. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चारही शब्दांचा तक्ता अर्थासह द्या आणि पुढे एकदाही अदलाबदल करू नका. रसायनांच्या जीएचएस (धोक्यांच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत) लेबलवर ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोनच शब्द असतात, ‘कॉशन’ नसतो. तिथेही ‘धोका’ आणि ‘इशारा’च ठेवा. एक सवय फार उपयोगी आहे. भाषांतर झालं, की हे चार शब्द संगणकावर शोधून मोजा आणि मूळ इंग्रजीतल्या संख्येशी ताडा. आकडा जुळला नाही तर कुठे तरी पायरी बदलली आहे.

‘सावधान’ला आणखी एक अडचण आहे. ‘स’ अधिक ‘अवधान’, म्हणजे ‘लक्ष देऊन’ हा त्याचा मूळ अर्थ. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ त्याच अर्थाचं, कवायतीतलं ‘सावधान’ म्हणजे ‘अटेन्शन’. रेल्वेत तर ‘अटेन्शन’ आणि ‘कॉशन’ हे दोन वेगळे सिग्नल आहेत. दोन पिवळे दिवे म्हणजे ‘अटेन्शन’ : पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. एक पिवळा म्हणजे ‘कॉशन’ : पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन्हींना ‘सावधान’ म्हटलं तर चालकाने काय करायचं? रूळदुरुस्तीच्या जागी वेग कमी ठेवण्यासाठी चालकाला जो लेखी कागद देतात, त्याला रेल्वेतले लोक ‘कॉशन ऑर्डर’ असंच म्हणतात. त्यात कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत किती वेग हे लिहिलेलं असतं. कामाच्या जागी रुळलेला शब्द असेल तर तोच ठेवावा, नवा घडवू नये.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम अ केअरफुल अँड कॉशस पर्सन’ लिहावं का? हिशेबनीसाची जागा आहे. (कोल्हापूर)

उत्तर : ‘कॉशस’ काढा. वाचणाऱ्याला वाटेल की निर्णय घ्यायला घाबरता. ‘केअरफुल’ चूक नाही, पण मिळमिळीत आहे. हिशेबाच्या कामाला ‘मेटिक्युलस’ बसतो : बारीकसारीक तपशील काटेकोरपणे पाहणारा. (याचं लॅटिन मूळ ‘भित्रा’ अशा अर्थाचं आहे, पण आज तो कौतुकाचा शब्द आहे.) ‘डिलिजंट’ म्हणजे नेटाने, सातत्याने काम करणारा. ‘कॉन्शिएन्शस’ म्हणजे कोणी बघत नसतानाही काम मनापासून करणारा. शुश्रूषेच्या, शिक्षणाच्या कामाला हा फार चांगला. ‘फॅस्टिडिअस’ टाळा. तो आपल्या ‘चोखंदळ’च्या जवळ असला तरी त्यात ‘याला काहीच पसंत पडत नाही’ अशी छटा आहे. ‘फसी’ तर उघड नापसंतीचा, खाण्याचे नखरे करणाऱ्यासाठी.

विशेषणांपेक्षा पुरावा जास्त बोलतो. ‘मी मेटिक्युलस आहे’ यापेक्षा ‘रोजची व्हाउचर त्याच दिवशी बँकेच्या नोंदींशी ताडून ठेवत असे’ हे एक खरं वाक्य इंग्रजीत लिहा.

प्रश्न : मी वकिलांकडे कारकून आहे. ‘रॅश’ आणि ‘नेग्लिजंट’ दोन्हींना ‘निष्काळजी’ लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही. कायद्यात दोन्ही शब्द ‘ऑर’ने जोडलेले आहेत, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. धोका दिसत असताना ‘काही होत नाही’ म्हणत पुढे जाणं हे ‘रॅश’, मराठीत अविचार किंवा बेदरकारपणा. जी काळजी साधा समंजस माणूस घेईल तीही न घेणं हे ‘नेग्लिजंट’, मराठीत हयगय. पोलिसांच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने’ अशी जोडी असते ती यामुळेच. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम भारतीय दंडसंहितेत 279 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते 281 आहे. अशा कृत्याने मृत्यू झाल्यास पूर्वीचं 304-अ, आता 106. घटना त्या तारखेआधीची असेल तर जुनंच कलम लागतं, मसुदा करताना तारीख आधी पाहा.

आणि ‘केअरलेस’ व ‘केअरफ्री’ यांची गल्लत नको. पहिला हलगर्जी, दुसरा निश्चिंत. सुटीतल्या मुलांना ‘केअरलेस’ म्हटलं तर ती तक्रार होते.

थोडक्यात

‘जिंजरली’चा आल्याशी संबंध नाही. हलक्या हाताने, बिचकत बिचकत असा अर्थ. ‘शी टच्ड द वूंड जिंजरली’ म्हणजे तिने जखमेला अलगद हात लावला.

महाविद्यालयाच्या पावतीवरचं ‘कॉशन मनी’ म्हणजे अनामत रक्कम. नुकसान केलं नाही तर शेवटी परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा.

पत्त्यातलं ‘केअर ऑफ’ म्हणजे ‘द्वारा’. पत्र ज्याच्या घरी जायचं त्याचं नाव त्याच्यापुढे लिहायचं, ज्याला वाचायचं आहे त्याचं वर.

निरोप घेताना म्हटलेल्या ‘टेक केअर’ला ‘काळजी घे’ आता सगळीकडे रुळलं आहे आणि त्यात वावगं काही नाही. माणूस प्रवासाला निघाला असेल तर ‘नीट जा, पोचल्यावर कळव’ हे जास्त बरं वाटतं.

खोक्यावरच्या ‘हँडल विथ केअर’साठी ‘जपून हाताळा’ पुरेसं आहे. काच असेल तर त्याखाली ‘आत काच आहे’ हेही मोठ्या अक्षरांत आणि खोक्याच्या एकाच नव्हे, चारही बाजूंना लिहा. रचताना खोकं फिरतं आणि एकच बाजू लिहिलेली असेल तर ती भिंतीकडे जाते.